फातोर्ड्याला आपल्याला बुडवणारा सोंग नक्की कुठला?

कर्वेरोडचा_कीपर | १६ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.४०

मंडळी, परवा १४ तारखेला गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर होतो, आशियाई चषकाच्या पात्रतेच्या भारत-सिंगापूर फुटबॉल सामन्याला. ऑफिसात 'घरगुती अडचण' सांगितली आणि रात्रीच्या बसने पुणे ते मडगाव गेलो. ९ तारखेला सिंगापुरात आपल्या झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी खेळून, रहीम अलीच्या शेवटच्या घटकेच्या गोलवर १-१ केलं होतं, त्यामुळे आशा होती. आपल्या छांगटेने १४व्या मिनिटाला लांबून जो काय ठेवून दिला, तो बघून शेजारच्या अनोळखी काकांनी मला उचललं. खरंच उचललं. माझं वजन ८२ आहे.

मग मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी केली आणि ५८व्या मिनिटाला पुन्हा त्यानेच मारला. १-२. आशियाई चषकाचं दार बंद. काकांनी मला परत उचललं नाही.

बसमध्ये झोप येईना म्हणून ह्या सोंगबद्दल वाचत बसलो. जन्म इंचनचा, दक्षिण कोरिया. सिंगापूरचं नागरिकत्व २०२१ चं. म्हणजे सिंगापूरने आपल्याला हरवलं की कोरियाने? स्वतःचा स्ट्रायकर घडवायचा नाही, दुसऱ्याने घडवलेला आणायचा आणि त्याच्या हातात पासपोर्ट द्यायचा, हे मला तरी पटत नाही. तुम्हाला पटतं का? आणि पटत असेल तर आपण का करत नाही?

एक_फुल_चार_हाफ | १६ ऑक्टोबर, रात्री ११.५२

आडनावच सोंग आहे हो. बचावफळीने नाव वाचलं असतं तरी सावध झाली असती.

चष्मिष्ट | १७ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. सिंगापूरने तेही आणून दाखवलं.

तिरपागडे | १७ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

कीपरशी सहमत. ह्याला राष्ट्रीय संघ म्हणू नये, कंत्राटी कामगार म्हणावं. उद्या कतार अख्खा संघ आणेल आणि आपण 'व्वा, काय नियोजन' म्हणत टाळ्या वाजवू.

मडगांवकार | १७ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

कीपर, आलास आणि सांगितलं नाहीस? स्टेडियमपासून आमचं घर दहा मिनिटांवर. मॅच हरल्यावर निदान रोस ऑमलेट तरी खाऊ घातलं असतं. दुःखावर तोच उपाय आहे, वर कांदा जास्त.

बाकी तो सोंग चांगला खेळला मरे. आमच्या बाजूला बसलेला एक म्हातारा दुसऱ्या गोलवर टाळी वाजवून गेला, पोरं त्याच्याकडे बघायला लागली तर म्हणाला, गोल गोल असता.

कर्वेरोडचा_कीपर | १७ ऑक्टोबर, सकाळी ९.४१

मडगांवकार, पुढच्या वेळी नक्की. रोस म्हणजे काय असतं पण? झाकणभर रस्सा?

मडगांवकार | १७ ऑक्टोबर, सकाळी ९.४४

झाकणभर म्हणे. चिकन शाकुतीचा रस्सा, ऑमलेट त्यात बुडालेलं, सोबत पाव. धागा भरकटायच्या आत थांबतो.

बिशनवाली | १७ ऑक्टोबर, दुपारी १.२०

मी सिंगापुरात चौदा वर्षं आहे, बिशनला राहते, स्टेडियम घराच्या खिडकीतून दिसत नाही पण आवाज येतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

सोंगला 'आणलेला' म्हणताय ना, तिथे गल्लत आहे. तो २०१२ मध्ये इथे आला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता, नाव ना गाव. होम युनायटेड क्लबच्या पोरांच्या संघात लागला. तिथून पुढे नऊ वर्षं ह्याच क्लबात. होम युनायटेडचं २०२० मध्ये लायन सिटी सेलर्स झालं तरी हा तिथेच. ऑगस्ट २०२१ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि नोव्हेंबरात पहिला आंतरराष्ट्रीय सामना. म्हणजे ज्याला तुम्ही तयार माल म्हणता त्याचं फुटबॉलचं कॉलेज इथलंच आहे. कोरियाने दिली ती शाळा.

आणि इथे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. इथला लाल पासपोर्ट घ्यायचा तर जुना सोडावा लागतो. मी चौदा वर्षांत ते केलेलं नाही. दर वेळी फॉर्म उघडते, आईचा फोन येतो, फॉर्म बंद करते. त्यामुळे ज्याने ते केलं त्याला कंत्राटी म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

डिसेंबर २०२१ चा दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धेतला इंडोनेशियाविरुद्धचा उपांत्य सामना कुणी पाहिला होता का? आमचे तीन जण लाल कार्ड घेऊन बाहेर, जादा वेळ नऊ जणांनी खेळून काढला, शेवटी आठच उरले, ४-२ हरले. त्यात मध्यंतराआधीचा बरोबरीचा गोल सोंगचा. तेव्हा खालच्या कोपीटिआममधल्या (कॉफीच्या दुकानातल्या) माणसांनी त्याचं नाव इतक्या आपलेपणाने घेतलं की मीही विसरले तो कुठला.

तिरपागडे | १७ ऑक्टोबर, दुपारी १.४८

ताई, 'आमचे तीन जण'? परवा फातोर्ड्याला तुम्ही कुणाकडून होतात?

बिशनवाली | १७ ऑक्टोबर, दुपारी १.५५

घरात टीव्हीसमोर होते. मुलगा सिंगापूरकडून, नवरा भारताकडून, मी वरणभात लावत होते. खरं सांगू? छांगटेच्या गोलला ओरडले आणि सोंगच्या गोलला मुलाच्या तोंडाकडे बघून हसले. हिशेब तुम्ही मांडा.

नियमवाला | १७ ऑक्टोबर, दुपारी ३.१५

भावना बाजूला ठेवून नियम सांगतो. २००४ पर्यंत फिफाची अट ढिली होती. तेव्हा कतार काही ब्राझिलियन खेळाडूंना पैसे देऊन घ्यायला निघालं म्हणून फिफाने दट्ट्या आणला: त्या देशाशी तुमचं काहीतरी नातं हवं. जन्म, आईवडिलांचा जन्म, आजी-आजोबांचा जन्म, नाहीतर दोन वर्षांचं वास्तव्य. २००८ मध्ये ही दोन वर्षं पाच केली, तीही वयाच्या अठराव्या वर्षानंतरची. म्हणजे तिरपागडे म्हणतात तसा अख्खा संघ रातोरात आणता येत नाही. सोंग ह्या चाळणीतून आरामात खाली पडतो.

एक_फुल_चार_हाफ | १७ ऑक्टोबर, दुपारी ३.२१

पाच वर्षं घरात राहून जेवलं की जावई. त्याआधी पाहुणा.

चष्मिष्ट | १७ ऑक्टोबर, दुपारी ३.२३

घरजावई म्हणा. आणि घरजावयाने गोल मारले की सासरा मिशीवर ताव मारणारच.

डब्लिनचा_बापू | १७ ऑक्टोबर, रात्री १०.०५

फातोर्ड्याच्या आदल्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, केप व्हर्देने एस्वातिनीला ३-० हरवून विश्वचषक गाठला. तिथेही असाच एक आहे, आणि तो आमच्या गावचा. रॉबर्टो लोपेस, सगळे पिको म्हणतात. जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील केप व्हर्देच्या साओ निकोलाव बेटावरचे. बँकेत गृहकर्जाच्या विभागात नोकरी करत करत फुटबॉल खेळायचा. आता शॅमरॉक रोव्हर्सचा सेंटर बॅक. टाला स्टेडियमवर मी पोराला घेऊन जातो, पावसात उभा राहून ह्याला बघितलंय.

२०१८ मध्ये केप व्हर्देच्या प्रशिक्षकाने त्याला लिंक्डइनवर निरोप पाठवला. पोर्तुगीजमध्ये. पिकोला वाटलं फसवणूक आहे, सोडून दिला. नऊ महिन्यांनी पुन्हा निरोप, ह्यावेळी इंग्रजीत: अहो, विचार केलात का? मग बेट्याने जुना निरोप भाषांतर करून वाचला आणि घाम फुटला. २०१९ पासून तो त्यांच्याकडून खेळतोय.

दहा बेटांचा देश, वस्ती सव्वापाच लाखांच्या आसपास. म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेएवढा. आणि चालले विश्वचषकाला.

एक_फुल_चार_हाफ | १७ ऑक्टोबर, रात्री १०.१२

मी आत्ता लिंक्डइनचे सगळे न वाचलेले निरोप उघडले. तीन विमा एजंट, एक क्रिप्टो. केप व्हर्दे नाही.

तिरपागडे | १७ ऑक्टोबर, रात्री १०.३०

बापू, पिकोचं मला चालतं. बापाचं गाव आहे, रक्ताचं नातं आहे. सोंगचं सिंगापुरात कोण होतं? हाच तर माझा मुद्दा.

बिशनवाली | १८ ऑक्टोबर, सकाळी ८.००

तिरपागडे, पिको पहिल्यांदा संघात गेला तोवर त्या देशात किती राहिला होता? सोंग नऊ वर्षं राहिला होता. आजोबांच्या दाखल्यावर जो येतो तो आपला आणि रोज लोकलमध्ये शेजारी उभा राहणारा परका, हे गणित मला जमत नाही.

आजोबा_ऑनलाइन | १८ ऑक्टोबर, सकाळी ११.१७

तुम्ही सगळे दूरदूर फिरताय, हे आपल्या बालेवाडीत होऊन गेलंय. अराता इझुमी आठवतो का कुणाला? पुणे एफसीचा. आई जपानी, वडील गुजराती. आधी सिंगापुरातच अल्बिरेक्स निगाताकडून खेळला, मग ईस्ट बंगाल, महिंद्र युनायटेड करत पुण्यात. जपानी नागरिकत्व सोडून २०१२ मध्ये भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. पुणे एफसी त्याच मोसमात आय-लीगमध्ये दुसरी आली होती.

आमचा चार म्हाताऱ्यांचा कंपू होता. बालेवाडीला प्रेक्षक इतके कमी की खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते स्पष्ट ऐकू यायचं. अराताच्या पायातून चेंडू असा सुटायचा की आमचा एक मित्र, आता नाही तो, म्हणायचा, ह्याला चेंडू द्या आणि तुम्ही घरी जा. कुणालाही कधी वाटलं नाही की हा जपानी आहे. क्लबच राहिला नाही पुढे, ते दुःख वेगळं.

कर्वेरोडचा_कीपर | १८ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

आजोबा, मी त्या स्टँडमध्ये होतो! उत्तरेच्या बाजूला, ढोल वाजवणारी पोरं होती त्यात. चहा दहा रुपये आणि भयंकर.

आजोबा_ऑनलाइन | १८ ऑक्टोबर, सकाळी ११.४६

तो ढोल तुमचा होता काय. आमची झोप मोडायचा.

नियमवाला | १८ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

कीपरच्या 'आपण का करत नाही' ह्या प्रश्नाचं उत्तर अरातामध्येच आहे. आपल्याकडेही दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलेला माणूस इथे घर घेऊ शकतो, नोकरी करू शकतो, पण देशाच्या जर्सीत खेळू शकत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो. युरोपात चांगलं चाललेल्या कुठल्या पोराने त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट सोडावा? उलट बांगलादेशाकडे बघा. इंग्लंडात जन्मलेला हमझा चौधरी दोन्ही कागद ठेवून त्यांच्याकडून खेळतो. मार्चमध्ये शिलाँगला आपल्याविरुद्धच पदार्पण केलं, ०-० सुटला.

मडगांवकार | १८ ऑक्टोबर, रात्री ९.१०

पासपोर्टवरून आठवलं, हा विषय घाटावर तुम्हाला नवा वाटतो. आमच्याकडे प्रत्येक वाड्यावर आहे. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पोरानातवंडांना पोर्तुगालात जन्मनोंदणी करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. आमच्या शेजारच्या घरातले तिघे असेच इंग्लंडला, स्विंडनला. गोदामात कामं करतात, फेस्ताला (चर्चच्या सणाला) येतात, येताना व्हिसाच्या नाहीतर ओसीआयच्या रांगेत उभे राहतात. स्वतःच्या घरी यायला!

त्यातला एक आमच्या गावच्या संघाचा लेफ्ट बॅक होता. भाताची मळणी झाल्यावर शेतात स्पर्धा व्हायच्या, तिथे त्याला अडवणारा कोण नव्हता. त्याला विचारलं, तू आता कुठला रे? म्हणाला, कागदाने पोर्तुगालचा, पगाराने इंग्लंडचा, आणि वर्ल्ड कपला ब्राझीलचा.

ह्या माणसाला गद्दार म्हणायची माझी छाती नाही. मग सोंगला तरी का म्हणू?

चष्मिष्ट | १८ ऑक्टोबर, रात्री ९.१५

'वर्ल्ड कपला ब्राझीलचा', अख्खं गोवा ह्या तीन शब्दांत.

तिरपागडे | १८ ऑक्टोबर, रात्री ९.४०

गद्दार कोण म्हणतंय? पोटासाठी देश बदलणं वेगळं. मी खेळाडूवर नाही, देशावर बोलतोय. सिंगापूरची जुनी खोड आहे ही. टेबल टेनिसमध्ये चीनमधून खेळाडू आणून २००८ चं ऑलिंपिक रौप्य घेतलं. तिथल्याच लोकांना ते गोड लागलं नाही म्हणतात. ताई सांगतीलच.

बिशनवाली | १९ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

हो, नव्हतं लागलं. खोटं कशाला बोलू? त्या टेबल टेनिसवाल्या फेंग तियानवेईच्या पदकावर कुरकुर होती आणि २०१६ मध्ये जोसेफ स्कूलिंग पोहण्यात सुवर्ण घेऊन आला, इथे जन्मलेला, तेव्हा लोक वेड्यासारखे नाचले. दोन्ही आनंदांत फरक होता.

कुरकुरीचं मूळ मात्र सैन्यात आहे. इथे मुलांना साधारण अठराव्या वर्षी दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा. फुटबॉलपटूच्या घडण्याची ऐन वर्षं. आमच्यासारख्या पीआर (कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या) लोकांच्या मुलांनाही ती चुकत नाही, माझ्याच मुलाचं नाव पुढच्या वर्षी नोंदवायचंय. मोठेपणी नागरिक झालेल्या पहिल्या पिढीला सहसा सूट. मग लोक म्हणतात, आमचा पोरगा बंदूक पुसतोय आणि ह्याला जर्सी. त्यात नागरिक जेमतेम ३६ लाख. त्यातून अकरा जण काढायचे, त्यातले दोन-तीन नेहमी बराकीत. बाहेरून माणूस घेतात तो हौसेने नाही.

ही परदेशी गुणवंतांची योजना निघाली नव्वदच्या दशकाच्या शेवटी. पंतप्रधान गोह चोक टोंग ह्यांनी १९९८ मध्ये जाहीर केलं होतं की २०१० चा विश्वचषक गाठायचा! फ्रान्सने नुकताच जिंकला होता, त्यांच्या संघात सगळीकडची मुलं. स्वप्न काही पुरं झालं नाही, पण त्या लाटेत ब्राझील, नायजेरिया, चीन, क्रोएशिया, इंग्लंड असे कुठकुठले लोक आले. कारकीर्द संपल्यावर काही परत गेले, तेही खरं. त्यांना कंत्राटी म्हणा हवं तर.

पण अलेक्सांदर ज्युरिच ह्या खेळाडूला म्हणू नका. त्याच्याबद्दल रात्री लिहिते, आता मंडळाच्या फराळाची पाकिटं भरायची आहेत.

एक_फुल_चार_हाफ | १९ ऑक्टोबर, सकाळी १०.३४

ताई, चकल्या कुठून येतात तिकडे? आयात की स्थानिक?

बिशनवाली | १९ ऑक्टोबर, सकाळी १०.३६

भाजणी पुण्याची, तेल मलेशियाचं, हात माझे. कुठली म्हणायची ते ठरवा.

चष्मिष्ट | १९ ऑक्टोबर, सकाळी १०.३७

पाच वर्षं डब्यात राहिली तर स्थानिक.

बिशनवाली | १९ ऑक्टोबर, रात्री ११.०५

हं, तर अलेक्सांदर ज्युरिच.

१९७० चा जन्म, बोस्नियातल्या दोबोयजवळचा. मूळचा होडी वल्हवणारा, म्हणजे कनूइंग. १९९२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हा हंगेरीत सेगेदला निर्वासित. तिथे त्याला कळलं की बोस्निया हा नवा देश पहिल्यांदाच ऑलिंपिकला जातोय आणि त्याला बोलावणं आहे. खिशात उसने पैसे, लोकांच्या गाड्यांना हात करत स्लोव्हेनिया गाठलं आणि तिथून बार्सिलोना. ५०० मीटरच्या शर्यतीत उतरला. घरचे कसे आहेत ते माहीत नाही आणि हा झेंड्यामागे चाललाय. पुढच्या वर्षी त्याची आई युद्धात मारली गेली. त्याला जाता आलं नाही.

मग होडी सुटली आणि फुटबॉल पोटाचा धंदा झाला. ऑस्ट्रेलिया, चीन असं फिरत १९९९ मध्ये तांजोंग पगार युनायटेडकडे आला. वय २८. इतर लोक ह्या वयात उतरंडीला लागतात, ह्याची चढण सुरू झाली. गेलांगबरोबर २००१ ची लीग, मग सैन्याच्या क्लबाबरोबर, मग टॅम्पिनीसबरोबर. गोल किती, तीनशेच्या वर. नागरिकत्वाचा अर्ज आधी फेटाळला गेला तरी पुन्हा केला. शेवटी २००७ मध्ये मिळालं आणि त्याच नोव्हेंबरात ताजिकिस्तानविरुद्ध विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात पदार्पण. सदतीसाव्या वर्षी! २-० जिंकले, दोन्ही गोल ह्याचे. प्रशिक्षक रादी अव्रामोविच, तेही युगोस्लाव्हियाचे जुने गोलकीपर. म्हणजे युद्धाने मोडलेल्या देशाची दोन माणसं विषुववृत्तावर तिसऱ्याच देशासाठी सामना जिंकत होती.

नोव्हेंबर २०१२, क्वालालंपूर, दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धेचा पहिला सामना. मलेशियाला मलेशियात ३-० हरवलं, त्यातला एक गोल बेचाळीस वर्षांच्या ज्युरिचचा. पुढे ती स्पर्धाही जिंकली. ५३ सामने, २४ गोल. चव्वेचाळीसाव्या वर्षी बूट टांगले. आणि परत गेला नाही. सरकारच्या फुटबॉल अकादमीचा प्रमुख झाला. इथली लहान मुलं त्याच्या हाताखाली शिकली.

तिरपागडे, तो बोस्नियाचा ऑलिंपियन आहे, तरी सिंगापूरचा खेळाडू कोण विचारलं तर माझा मुलगा ज्युरिच म्हणतो.

आजोबा_ऑनलाइन | २० ऑक्टोबर, सकाळी ६.२०

सदतीसाव्या वर्षी पदार्पण. मी सदतीसाव्या वर्षी गुडघ्याला तेल लावायला सुरुवात केली होती.

तिरपागडे | २० ऑक्टोबर, सकाळी ९.००

ज्युरिच मान्य. नाइलाज आहे. सोंगबद्दल अजून ठरत नाही, तो निवृत्त झाल्यावर काय करतो बघून सांगतो.

नियमवाला | २० ऑक्टोबर, सकाळी ९.१५

म्हणजे नागरिकत्व द्यायचं आणि निकाल पंधरा वर्षांनी. आपल्या कोर्टांसारखंच.

मडगांवकार | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.२५

धागा वर काढतो. काल सिंगापूरने हाँगकाँगला त्यांच्याच घरात २-१ हरवलं आणि आशियाई चषक गाठला. १९८४ मध्ये यजमान म्हणून खेळले होते, स्वतः पात्र ठरून जायची ही पहिलीच वेळ. गोल शवाल अनुआर आणि इल्हान फांदी, दोघेही घरचे. आणि आपण काल ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१.

कर्वेरोडचा_कीपर | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

बघितलं. रात्री जेवलो नाही.

पण आपल्याकडेही सुरुवात झाली की. रायन विल्यम्स, बंगळुरूचा विंगर, जन्म पर्थचा, आजोळ मुंबईचं. ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेला माणूस, तो पासपोर्ट सोडून भारतीय झाला. छेत्रीच्या हातून कागद घेतले. मी महिन्याभरापूर्वी इथे 'पटत नाही' लिहिलं होतं आणि ती बातमी वाचून पहिलं वाक्य तोंडातून आलं ते 'ढाक्याला का नाही खेळवला?'

चष्मिष्ट | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.५५

ह्याला म्हणतात तत्त्व. आपल्या दारात आलं की पाहुणा, दुसऱ्याच्या दारात गेला की कंत्राटी.

कर्वेरोडचा_कीपर | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

तसंच आहे, मान्य. तरी विल्यम्सला आजोळ आहे हो...

बिशनवाली | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.०४

सुरू झाले परत.

एक_फुल_चार_हाफ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.०६

कीपर, पुढच्या वेळी फातोर्ड्याला शेजारच्या काकांचा नंबर घेऊन ठेवा. ८२ किलो उचलतात, जन्म कुठलाही असो, मधल्या फळीत घालू.

मडगांवकार | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

ते काका आमच्या ओळखीचे निघाले! कीपरने लिहिलेलं वाचून दाखवलं. म्हणाले, त्याला सांग, कंबर अजून धरलीय.